संजनाचं दुसरं

संजना माझी नात, माझ्या सहादूची मुलगी. आणि तीच माझी नातसून, कारण तिला मी माझ्या लेकीच्याच घरात दिली. लेक लताबाई, तिचा मुलगा बुद्धभूषण, त्याची ही बायको. म्हणजे सासू ती सख्खी आत्या, नवरा आतेभाऊ आणि मी दोन्हीकडून आजी. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हे सगळं ऐकून कागदावर गोल आणि चौकोन काढले, मधून रेघा ओढल्या. दोन्हीकडच्या रेघा वर चढत चढत एका गोलावर येऊन टेकल्या. त्यावर पेन ठेवून बाई म्हणाल्या, "या तुम्ही, आजी."

सत्तर वर्षांत माझं चित्र कोणी काढलं नव्हतं. काढलं ते असं.

संजना सायखेड्याला माझ्या हाताखाली वाढली. सून सकाळी कांद्याच्या खळ्यावर जायची ती दिवेलागणीला यायची, त्यामुळे पोरीची वेणी, डबा आणि पाठीतले धपाटे हे खातं माझ्याकडे. चौथीत असताना माझी सही बघून म्हणाली, "आजी, ही सही हाय का गोगलगाय?" तोंडाची पहिल्यापासून फटकळ. आता ती नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात बसते. तिथे लोकांचे फॉर्म भरून देतात. उत्पन्नाचा दाखला, स्कॉलरशिप, पोलीस भरती, काय काय. भरून झालं की ती समोरच्याला सगळं मोठ्याने वाचून दाखवते आणि मगच सही मागते. चौकटीबाहेर कोणी सही केली की ओरडते. मालक म्हणतो, गिऱ्हाईक घाबरतं तुला. पण गिऱ्हाईक तिच्याकडेच येतं, कारण कुठला पर्याय निवडायचा ते ती पटकन सांगते. दुसऱ्याचं ठरवून देताना तिला कधी वेळ लागला नाही.

पोरगी बारावीला असताना कॉलेजात आरोग्य खात्याची माणसं आली होती. त्यांनी रक्त घेतलं आणि पुढे एक कार्ड दिलं. सिस्टरने पोरींना नीट बजावलं होतं, की तुम्हाला आजार नाही, पण तुमच्या रक्तात त्याचा अंश आहे. लग्न ठरवताना मुलाचंही रक्त तपासा. दोघांतही अंश असला तर लेकराला सिकलसेल होऊ शकतो. ते कार्ड मी रेशनकार्डाबरोबर डब्यात ठेवलं. विसरले म्हणाल तर तसंही नाही. येवल्याकडचं एक स्थळ आलं, तेव्हा मी सगळ्यांसमोर मुलाच्या रक्ताचा रिपोर्ट मागितला. मध्यस्थ सावळीराम लय भडकला. "मावशी, तुम्ही पोरगं बघायला बसल्या का बैल?" म्हणाला. मी म्हटलं, बैल असता तर दातही बघितले असते. स्थळ उठून गेलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट गावात सांगत फिरले.

मग लता म्हणाली, "आई, बाहेर कशाला शोधतेस? माझा भूषण काय वाईट आहे?" मामाची मुलगी, आमच्यात चालतंच. भूषण एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंत्राटावर कामाला, कोळशाच्या पट्ट्यावर. दारू नाही, तंबाखू नाही. त्याला गोवर निघाला तेव्हा उशाशी मीच बसलेली. त्याचं मी काय तपासणार? परक्याचं रक्त बघतात. घरातल्याचं रक्त म्हणजे आपलंच, असं मला वाटलं. आणि तेच खरं निघालं, आपलंच होतं.

लग्नात मी नवीन लुगडं नेसून मिरवले. पोरगी परक्या घरी गेली नाही, सासू छळणार नाही, नवरा मारणार नाही. एवढं चांगलं मी माझ्या लेकीचंही केलं नव्हतं.

पुढे दीड वर्षाने स्नेहा झाली. गोरीगोमटी, केस दाट. अकरा महिन्यांची असताना थंडीत तिच्या हातापायांचे पंजे सुजले, बोटं अगदी फुगून आली. मी लतावर ओरडले, की काळ्या मण्यांच्या मनगट्या एवढ्या आवळून का बांधल्या? कात्री घेऊन मीच कापल्या. दोन दिवस झाले, सूज उतरेना, पोरगी हात लावू देईना. मग दवाखाना, मग रक्त, मग मोठा दवाखाना, आणि मग आमच्या सगळ्यांचं रक्त. स्नेहाला सिकलसेल. संजनात अंश, भूषणमध्ये अंश. लतात, सहादूत. आणि वरती, ज्या गोलावर पेन टेकलं होतं, तिथे मी. मला आयुष्यात साधी कावीळ झाली नाही. दोन एकर निंदून घरी येऊन भाकरी थापलेली बाई मी. मी बाईंना म्हटलं, "काही तरी चूक हाय, मला कधी दुखलं नाय." त्या म्हणाल्या, "तुम्हाला दुखणारच नाही आजी. अंश असणाऱ्याला त्रास नसतो."

तेव्हापासून हिवाळ्याचे चार महिने मी नाशिकरोडला लताकडे असते. जावई करोनात गेले, लता शाळेत पोषण आहार शिजवायला जाते, संजना दुकानात, भूषणच्या पाळ्या. पोरीजवळ कोणीतरी लागतं. तिला थंडी लागू द्यायची नाही, तहान लागू द्यायची नाही. रोज गोळी. एरवी ती इतरांसारखीच नाचते, खोटं बोलते, माझ्या पदराला नाक पुसते. आणि मग एखाद्या दिवशी हाड आतून दुखायला लागतं. मांडी, कधी पाठ. तेव्हा ती ओरडत नाही, तेच वाईट. नुसती आईला धरून गच्च होते आणि दातावर दात घासते. तासन् तास तिला घेऊन बसावं लागतं, शेकावं लागतं, नाही थांबलं तर दवाखान्यात सलाईन. असं वर्षातून तीनदा, चारदा.

डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच समजावलं होतं. तुमच्या जोडीला चारात एक मूल असं होऊ शकतं. हे "चारात एक" आम्ही घरी आणलं आणि आमच्या पद्धतीने शिजवलं. लता म्हणाली, "चारात एक म्हणाल्या ना? एक झालं. आता पुढचे तिघं चांगले." मलाही ते पटलं. संजनाला पटलं का नाही मला माहीत नाही. एवढे फॉर्म वाचणारी बाई, तिला कळत असणार. पण स्नेहा चार वर्षांची झाली आणि एका दुपारी संजना मला म्हणाली, "आजी, हिला एकटीला कोण बघेल गं आमच्यामागे? एक चांगलं भावंड असावं." चांगलं, असं म्हणाली. आणि दिवस राहिले.

हे ऐकून डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "अहो, चारात एक म्हणजे प्रत्येक वेळी नव्याने चारात एक. मागच्या बाळाशी पुढच्याचा काही संबंध नसतो." लता माझ्याकडे बघायला लागली आणि मी भिंतीवरच्या बोर्डाकडे. तिथे लिहिलं होतं, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. एवढं मला अक्षर अक्षर लावून वाचता येतं.

तिसरा महिना सरता सरता पोटातून सुई घालून काहीतरी काढलं आणि मुंबईला पाठवलं. संजनाने सुईकडे बघितलं नाही, भूषणने बघितलं आणि त्याला बाहेर नेऊन बसवावं लागलं. दोन आठवडे वाट बघायची होती. त्या दोन आठवड्यांत घरात कोणी बाळ हा शब्द काढला नाही. फक्त स्नेहा आईच्या पोटाला कान लावायची आणि म्हणायची, "झोपलंय."

रिपोर्ट आला त्या दिवशी मी बरोबर होते. बाईंनी कागद फिरवून संजनापुढे ठेवला. "या बाळालाही सिकलसेल आहे. स्नेहासारखंच."

संजना म्हणाली, "स्नेहासारखंच म्हणजे तेवढंच दुखेल?"

"तेवढं, जास्त किंवा कमी. ते आधी सांगता येत नाही. काही मुलं औषधांवर खूप चांगली राहतात, शिकतात, नोकरी करतात. काहींना फार सोसावं लागतं."

"मग या तपासणीने काय सांगितलं?"

"आहे, एवढं सांगितलं. पुढे ठेवायचं की नाही, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं. दोन्हीला आम्ही मदत करू. फक्त नाही म्हणायचं असेल, तर उशीर करू नका."

बाहेर आल्यावर ती रिक्षात बसली नाही. म्हणाली, चालू या. उन्हात आम्ही तिघं चालत होतो. भूषण तिच्या बाजूला, मी मागे. मला ऐकू येत होतं.

"संजू, तुला जे वाटेल ते. मी तुझ्याबरोबर आहे."

"तुला काय वाटतं?"

"तुझ्या शरीराचा प्रश्न आहे. मी कसं सांगू?"

"स्नेहा दुखते तेव्हा तुझ्या शरीराला काही होत नाही का?"

थोडं पुढे जाऊन त्याचं पुन्हा तेच, "तू ठरव, मी बरोबर आहे." ती थांबली. "बरोबर आहेस म्हणजे कुठे आहेस रे तू? मला दिसत नाहीस."

वाईट मुलगा नाही हो तो. कोणी तरी त्याला शिकवलं होतं, की अशा वेळी बायकोवर जबरदस्ती करायची नाही. ते त्याने नीट लक्षात ठेवलं होतं. आमच्या वेळी पुरुष ठरवून मोकळे व्हायचे आणि बायका त्यांना मनातल्या मनात शिव्या घालायच्या. हिला शिव्या घालायलाही कोणी सापडत नव्हतं.

सहादू सायखेड्याहून आला. बरोबर मेथीच्या चार जुड्या. बाप आहे, काहीतरी बोलेल असं वाटलं. त्याने चहा घेतला, नातीला मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही शिकलेली पोरं. ठरवा तुम्ही." मग बसची वेळ झाली. लताने दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. सासू म्हणून बोलावं तर आत्या आडवी येते, आत्या म्हणून बोलावं तर सासू. शेवटी भांडी घासत म्हणाली, "तू म्हणशील तसं, बाळा. मी दोन्हीला तयार आहे."

मग माझी पाळी. मी मेथी निवडत बसले होते. संजना समोर येऊन बसली. एक जुडी ओढून घेतली, पण निवडली नाही.

"आजी, तू सांग."

"मी काय सांगू?"

"नेहमी सांगतेस तसं. ठेव म्हण, नाही तर नको म्हण. तू सांगितलंस तर मी ते करते. आणि चुकलं तर आयुष्यभर तुझ्या नावाने बोटं मोडते. म्हातारी मेली तरी सोडणार नाही."

"मला नाय कळत, बाई."

"लग्न ठरवताना बरं कळत होतं!"

हे ती पहिल्यांदा बोलली. स्नेहाचं कळल्यापासून चार वर्षांत एकदाही बोलली नव्हती. मला वाटलं होतं तिच्या मनात नसेल. हातातली काडी मोडली आणि पानं तशीच काड्यांसकट पातेल्यात टाकली. तीही लगेच वरमली. "तसं नाही गं म्हणायचं मला. पण कोणीतरी नाही म्हणा. कोणीतरी भांडा माझ्याशी. सगळे इतके चांगले झालात, मी एकटी पडले."

खरं सांगायचं तर मला दोन्ही म्हणावंसं वाटत होतं. सकाळी स्नेहा शेजारच्या कुत्र्याला दुधाची साय चारून वर "मी नाही, त्याने चोरली" म्हणाली, तेव्हा वाटायचं, अशी अजून एक असली तर काय बिघडलं? आणि तिचं ते गच्च होणं आठवलं, की वाटायचं, जाणूनबुजून आणखी एका जिवाला ह्यात का आणायचं? एक म्हटलं की दुसरं उठून बसायचं. ठेव म्हणाले असते तर ते माझ्या रक्ताला माफी दिल्यासारखं झालं असतं. नको म्हणाले असते तर आत झोपलेल्या पोरीला काय तोंड दाखवलं असतं? जन्मभर सगळ्यांच्या संसारात बोललेली बाई मी, जिथे बोलायचं तिथे मेथी निवडत बसले.

आठ दिवस असेच गेले. मग तो मंगळवार.

भूषण पहिल्या पाळीला गेलेला, लता शाळेत. अकराच्या सुमाराला स्नेहा खेळता खेळता खाली बसली आणि मांडी धरली. बाहेर लख्ख ऊन होतं, पण आदल्या दिवसापासून गार वारा सुटला होता. आम्ही शेकलं, औषध दिलं. तासाभराने तिचे ओठ पांढरे पडायला लागले. संजनाने भूषणला फोन लावला. पट्ट्यावर एवढा आवाज असतो की खिशातला फोन त्याला ऐकू येत नाही, हे तिलाही माहीत होतं, तरी तिने सहा वेळा लावला.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शेजारी कुलूप. माझे गुडघे मला एकटीला उतरवत नाहीत, पोरीला काय उतरवणार? संजनाने तिला उचललं. पावणेपाच वर्षांची पोर, पाय सरळ ताठ, वाकवले की दुखतं, म्हणून तिला आडवी धरावी लागते. संजनाला त्या दिवसांत सारखं मळमळायचं. मी पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन मागून एकेक पायरी उतरत होते आणि नुसतं "सांभाळ, सांभाळ" म्हणत होते, जसं काही माझ्या म्हणण्याने ती सांभाळली असती.

दुसऱ्या मजल्यावर ती पायरीवर बसली. पोरीला मांडीवर आडवं ठेवून भिंतीला डोकं टेकलं. कठड्याबाहेर तोंड काढून ओकारी काढली, तोंड खांद्याला पुसलं. स्नेहा डोळे मिटून दात घासत होती. संजना माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजी, दोन असती तर?"

मी पाण्याची बाटली पुढे केली.

"एकाच दिवशी दोघांना दुखलं असतं तर मी आधी कोणाला खाली नेलं असतं?"

मग ती उठली, पोरीला उचललं आणि उरलेल्या पायऱ्या उतरली. रिक्षा मिळाली, सलाईन लागलं, तिसऱ्या दिवशी स्नेहा घरी येऊन पुन्हा कुत्र्याला साय चारायला लागली. मी म्हणते संजनाने त्या पायरीवर ठरवलं. ती म्हणते, "मी ठरवलं नाही आजी. तिथे बसले आणि उठले, एवढंच." भूषणला तिने सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मी असतो तर तू बसली नसतीस." ती म्हणाली, "तू रोज असशील का?" त्याने पाळीचा शर्टही बदलला नव्हता. काळ्या हातांनी तोंड झाकून बसला, आणि हात काढले तेव्हा तोंडही काळं.

दवाखान्यात सिस्टरने फॉर्म आणला. संजनाने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, पण मोठ्याने नाही. मग पेन घेऊन सही केली आणि कागद भूषणकडे सरकवला.

सिस्टर म्हणाली, "त्यांची नाही लागत. पेशंटचीच लागते, बाकी कोणाची नाही. कायदाच आहे."

"लागत नसली तरी घ्या."

"अहो ताई, जागाच नाही त्याला."

"बाजूला करेल."

सिस्टरला वाटलं ही चिडली आहे. चिडली नव्हती. पोरांना चौकटीबाहेर सही केल्याबद्दल ओरडणारी माझी नात, तिने समासात बोट ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "इथे कर." भूषणने केली. सिस्टरने कागद बघितला, म्हणाली, "हा आता चालणार नाही," आणि दुसरा कोरा फॉर्म आणून ठेवला. संजनाने त्यावर पुन्हा एकटीने सही केली. पहिला कागद भूषणने घडी करून खिशात घातला.

दोन दिवस ती आत होती. लताने कॉलनीत सांगितलं, आपोआप पडलं. खरं का सांगितलं नाही, असं तुम्ही विचाराल. खरं सांगायचं तर स्नेहाचं सांगावं लागतं. आजारी पोर म्हणून तिला आत्तापासून बायका वेगळी बसवतील, आणि उद्या तिच्या लग्नाच्या वेळी लोक तिच्या रक्ताचा रिपोर्ट मागतील. मागावाच, मी तर म्हणते मागावाच. पण पाच वर्षांच्या पोरीच्या पाठीवर ते आत्ताच चिकटवायला लताचं मन होईना. संजनाही हो म्हणाली.

पण लोक काय बावळट असतात? पहिली मुलगी. सोनोग्राफीला दोघं-तिघं मिळून जातात. सुई टोचून घेतलेली कोणाच्या तरी बहिणीने बघितली. मग महिन्याभरात दवाखाना, आणि रिकाम्या पोटाने परत. बेरीज करायला काही शाळा लागत नाही.

आमच्या विहारात दर पौर्णिमेला वंदना असते, नंतर महिला मंडळाची बैठक. दोन वर्षांपूर्वी मंडळाने लेक वाचवा म्हणून एक छोटं नाटक बसवलं होतं. त्यातली सगळी भाषणं संजनाने लिहिलेली. स्वतः तिने सासूचं काम केलं होतं, ती दुष्ट सासू बघून लता आठ दिवस रुसली होती. मंडळाच्या प्रमुख गोजराबाई. सरळ बाई, नर्सरीच्या मुलांना फुकट शिकवते, कोणाचं वाईट करणार नाही. महिन्याभराने संजना पहिल्यांदा विहारात गेली. आम्ही सगळ्या होतो. वंदना झाली, बायका उठल्या. गोजराबाई जवळ आल्या. मला वाटलं तब्येत विचारतील.

त्या म्हणाल्या, "संजना, तू पण?"

"काय काकू?"

"तू लिहिलेलं नाटक आम्ही चार वस्त्यांत केलं. लोकांना आता आम्ही काय तोंडाने सांगायचं? मुलगी होती म्हणून..."

"मुलगी होती हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे?"

लताने मागून संजनाचा हात धरला, घट्ट. स्नेहा दारात चपला घालत होती, उजवी डाव्या पायात. संजनाने तिच्याकडे बघितलं. तोंड उघडलं होतं, मला दिसलं. ही पोर समोरच्याला निरुत्तर करायला कधी चुकली नाही. एका वाक्याचं काम होतं. ती म्हणाली, "जय भीम काकू, येते," आणि पोरीच्या चपला सरळ करून तिला घेऊन निघाली. गोजराबाईंना वाटलं शरमली. रस्ताभर मला मागे वळून जावंसं वाटत होतं, त्या बाईला धरून सांगावंसं वाटत होतं. पण सांगायचं ते माझं नव्हतं. ते त्या पुढे चाललेल्या स्नेहाचं होतं, आणि तिला कोणी विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर मी संजनाला म्हटलं, बस, डोक्याला तेल लावते. तिचे केस त्या महिन्याभरात फार गळले होते. ती खाली बसली, माझ्या गुडघ्यांना पाठ टेकवून, सायखेड्याला बसायची तशी. स्नेहा आत टीव्ही बघत होती.

"आजी, गोजराकाकूंचा मला राग नाही आला."

"मला आला."

"मला हेवा वाटला. त्यांना निदान वाटतंय की मुलगी होती. मला माहीतच नाही गं. रिपोर्टवर लिहीत नाहीत. नंतर मी सिस्टरला विचारलं, आता तर सांगा, आता काय फरक पडतो? ती म्हणाली, ताई, विचारायचं नसतं, आणि गेली. बरोबरच आहे तिचं. नाटकात मीच लिहिलं होतं, विचारायचं नाही आणि सांगायचं नाही."

मी तेल जिरवत राहिले.

"मनात आलं ना, की मग डोळ्यांपुढे काहीच येत नाही. मुलगा धरून रडू, का मुलगी धरून रडू? तेवढं तरी कळायला हवं होतं."

तिला वाटलं मी काही सांगेन. ती मान थोडी तिरकी करून थांबली होती. मी वाटी खाली ठेवली. तिचे केस विंचरायचे राहिले होते, ते विंचरायला लागले.